रंगूनच्या आकाशातले पगारी राखणदार

आमच्या घरात ब्रह्मदेश दोन तोंडांनी सांगितला जाई. एक आजीच्या आणि दुसरा अण्णा आजोबांच्या. अण्णा हे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. रंगूनच्या बंदरात एका जहाज कंपनीकडे ते मालाची मोजदाद ठेवणारे कारकून होते. आजी लग्न झाल्यावर रत्नागिरीहून निघाली ती थेट रंगूनलाच उतरली. तिचा ब्रह्मदेश घराच्या गॅलरीतून दिसलेला, अण्णांचा धक्क्यावरून. दोघांचे तपशील क्वचितच जुळत. पण नाकाडावर शार्कचे दात रंगवलेली लढाऊ विमानं दोघांच्याही गोष्टींत होती. "पैसे मोजून आणलेली माणसं होती ती," अण्णा म्हणायचे, "पण पैशाला जागली हो!"

रत्नागिरीच्या माणसाला ब्रह्मदेश तसा परका नव्हता. तिथला शेवटचा राजा थिबा इंग्रजांनी १८८६ मध्ये आमच्या गावात आणून ठेवला आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला. इथे जन्मलेल्या टिळकांना १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षं मंडालेच्या तुरुंगात काढावी लागली. पोटासाठी जाणारे मात्र रंगूनला जात. १९३१च्या खानेसुमारीत रंगूनची वस्ती चार लाखांच्या घरात होती आणि त्यातले निम्म्याहून अधिक लोक हिंदुस्थानातून आलेले होते. गोदीतले हमाल बहुतेक तेलुगू. शिवाय तमिळ, बंगाली, ओडिया, गुजराती. त्या गर्दीत मराठी घरं थोडी. आजी म्हणायची, "गणपतीत सगळे एकमेकांकडे गेलो, तरी एका दिवसात आरत्या आटपायच्या."

१९३७च्या एप्रिलमध्ये ब्रह्मदेश हिंदुस्थानच्या कारभारातून वेगळा झाला आणि त्याच वर्षीच्या जुलैत जपाननं चीनवर पुरतं युद्ध लादलं. वर्ष-दीड वर्षात चीनचा किनारा आणि मोठी बंदरं जपानच्या हाती गेली. चीनचं सरकार आत डोंगरात, चुंगकिंगला सरकलं. बाहेरून माल आणायचा तर मुख्य वाट उरली ती ही: समुद्रातून रंगून, तिथून रेल्वेनं लाशियो आणि लाशियोपासून डोंगरदऱ्या ओलांडून युन्नान प्रांतातलं कुनमिंग. लाशियो ते कुनमिंग हा ७१७ मैलांचा 'बर्मा रोड'. त्याचा चीनमधला भाग युन्नानच्या सुमारे दोन लाख गावकऱ्यांनी १९३७-३८ मध्ये हातांनी खणून काढला. त्यात बायका होत्या, मुलं होती. खडी हातोडीनं फोडायची आणि माणसांनी ओढायच्या दगडी रुळांनी दाबायची. उतारावर तो रूळ सुटला की पुढची माणसं खाली सापडत.

कुनमिंग हे एरवी चीनच्या पार कडेचं, सरहद्दीवरचं शहर. समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांवर. युद्धानं ते निर्वासितांनी भरून गेलं. पेकिंग, त्सिंगह्वा आणि नानकाई ही तीन विद्यापीठं आपले प्राध्यापक, विद्यार्थी आणि उरलीसुरली पुस्तकं घेऊन तिथे आली आणि एकत्र चालू लागली. १९३८ पासून जपानी बॉम्बफेके त्या शहरावर येत होते आणि त्यांना अडवायला वर फारसं कोणी नव्हतं. भोंगा झाला की वर्ग सोडून डोंगराकडे पळायचं, हा तिथल्या विद्यार्थ्यांचा नेम झाला होता.

हे शहर आणि हा रस्ता राखायला चीननं वैमानिक पगारी आणले. त्यांना जमवणारा माणूस क्लेअर शेनॉल्ट. अमेरिकी लष्कराच्या हवाई दलातून १९३७ मध्ये निवृत्त झालेला, कानांनी अधू, वरिष्ठांशी न पटलेला आणि लढाऊ विमानांबद्दलच्या आपल्या मतांना घट्ट धरून बसलेला. चीनचे नेते च्यांग कै-शेक यांच्या पत्नी सूंग मेई-लिंग चीनच्या हवाई दलाचा कारभार पाहत. त्यांनी त्याला सल्लागार नेमलं. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती. म्हणून अध्यक्ष रूझवेल्टच्या सरकारनं उघड काही न करता वाट मोकळी करून दिली. ब्रिटनसाठी ठरलेली १०० कर्टिस पी-४० विमानं चीनकडे वळवली. अमेरिकेच्या भूदलातून, नौदलातून आणि मरीनमधून तरुण वैमानिकांनी राजीनामे द्यायचे आणि चीन-ब्रह्मदेश सीमेवर लोइविंग इथे कारखाना चालवणाऱ्या एका विमान कंपनीचे नोकर व्हायचं. करार एक वर्षाचा. साध्या वैमानिकाला महिना ६०० डॉलर, स्क्वाड्रनच्या प्रमुखाला ७५०. शिवाय पाडलेल्या प्रत्येक जपानी विमानामागे ५०० डॉलर. सहाशे डॉलर म्हणजे त्या वेळच्या भावानं सुमारे दोन हजार रुपये. अण्णांना हा आकडा तोंडपाठ होता. "आमच्या मोठ्या साहेबालाही एवढे नव्हते," असं ते सांगत. पण त्यात हेवा नसे.

सुमारे शंभर वैमानिक आणि त्याच्या दुपटीच्या आसपास मेकॅनिक, शस्त्रकारागीर, कारकून, डॉक्टर असं हे पथक १९४१च्या उन्हाळ्यापासून टप्प्याटप्प्यानं डच जहाजांतून रंगूनला उतरलं. पासपोर्टवर कोणी शेतकरी, कोणी विद्यार्थी, कोणी मिशनरी. अण्णांच्या धक्क्यावर त्याआधीच विमानांची खोकी आली होती. अण्णांनी मला त्या खोक्यांचं वर्णन इतकं बारकाईनं सांगितलंय की मी ती पाहिली आहेत असं वाटावं: घराएवढं लाकडी खोकं, कडांना लोखंडी पट्ट्या, क्रेननं उचलताना करकरणारं. हमालांचा मुकादम खोक्याला कान लावून आत काय वाजतंय ते ऐके. ती मिंगलाडॉनच्या विमानतळावर नेऊन जोडली जात आणि तिथून रंगूनच्या उत्तरेला टौंगूच्या तळावर जात. शंभरातल्या एकाचा पंख न्यूयॉर्कच्या बंदरातच पाण्यात पडला होता. म्हणजे आली ती नव्याण्णव.

टौंगूला शेनॉल्टनं शाळा घेतली. पावसाळा, चिखल, किडे, उकाडा. काहीजण आल्या पावली परत गेले. सरावातल्या अपघातांत तीन वैमानिक मेले. राहिलेल्यांना त्यानं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली: आपल्या विमानाचा दोष आणि गुण ओळखा. पी-४० जड. वर चढायला मंद, वळायला मंद. जपानी लढाऊ विमान हलकं, चटकन वळणारं. त्याच्याशी घिरट्या घालत लढायला गेलात तर मेलात. पण पी-४०च्या वैमानिकाच्या पाठीशी पोलादी पत्रा होता, इंधनाच्या टाक्या गोळी लागली तरी आपोआप बुजणाऱ्या होत्या आणि सूर मारण्यात त्याला तोड नव्हती. म्हणून आधी उंची गाठायची, दोघादोघांनी मिळून वरून सुसाट खाली यायचं, जवळून मारा करायचा, त्याच वेगानं पुढे निघून जायचं आणि पुन्हा वर चढायचं. जपानी हलक्या विमानात चिलखत नव्हतं. नेमका मारा बसला की ते पेटे. शत्रूला त्याच्या खेळात हरवायला जायचं नाही, हा शेनॉल्टचा सगळा धडा. गनिमी काव्याच्या मुलखात वाढलेल्या अण्णांना तो ऐकताक्षणी पटला होता.

दात रंगवण्याची कल्पना मात्र त्यांची स्वतःची नव्हे. उत्तर आफ्रिकेत लढणाऱ्या ब्रिटिशांच्या ११२व्या स्क्वाड्रनच्या विमानांचा फोटो एका सचित्र मासिकात आला होता, तो पाहून यांनी आपली विमानं रंगवली. 'फ्लाइंग टायगर्स' हे नाव पुढे मिळालं आणि जगभर तेच राहिलं.

७ डिसेंबरला पर्ल हार्बर झालं. शेनॉल्टनं दोन स्क्वाड्रन कुनमिंगला नेली आणि एक, रंगूनच्या रक्षणासाठी, ब्रिटिशांच्या जोडीला मिंगलाडॉनवर ठेवलं. २० डिसेंबर १९४१ला हनोईकडून दहा जपानी बॉम्बफेके नेहमीसारखे, सोबतीला लढाऊ विमानं न घेता, कुनमिंगवर आले. या वेळी वर कोणीतरी वाट पाहत होतं. दहांतले तीन-चार परत गेलेच नाहीत आणि त्यानंतर बराच काळ कुनमिंगवर बॉम्ब पडले नाहीत.

या विजयाचा निम्मा वाटा जमिनीवरच्या माणसांचा आहे. शेनॉल्टनं आणि चिन्यांनी मिळून युन्नानभर टेहळ्यांचं जाळं विणलं होतं. डोंगरमाथ्यावर, गावाच्या वेशीवर, थेट शत्रूच्या मुलखाच्या कडेला माणूस बसलेला. त्याच्याकडे टेलिफोन किंवा छोटा वायरलेस. इंजिनांचा आवाज ऐकला की किती, कुठून, कुठे एवढं कळवायचं. कुनमिंगच्या खोलीत नकाशावर टाचण्या पुढे सरकत आणि पी-४० शत्रूच्या आधी उंचीवर पोहोचलेली असत. त्या टेहळ्यांना डॉलर मिळत नव्हते. त्यांची नावंही कोणत्या पुस्तकात मिळत नाहीत.

रंगूनला असं जाळं नव्हतं आणि त्याची किंमत आजीनं पाहिली. मंगळवार, २३ डिसेंबर. सकाळची कामं आटोपून ती गॅलरीत डाळ निवडत बसलेली, कडेला माझे थोरले काका, तेव्हा जेमतेम रांगणारे. भोंगा झाला. तो याआधीही अनेकदा उगाच वाजला होता. आकाशात उंचावर चंदेरी ठिपके दिसले, ओळीनं. "लोक जत्रेतला पाळणा बघावा तसे वर बघत होते," ती सांगायची. "समोरचा पानवाला बोटानं मोजत होता. खंदकात जायचं कोणाच्या मनातच आलं नाही." खाली आले ते माणसं मारण्यासाठीच बनवलेले, जमिनीवर फुटून आडवे तुकडे उडवणारे बॉम्ब. उभा माणूस त्यात सापडे, निजलेला वाचे. आजीनं काकांना पोटाशी धरून स्वतःला चौकटीमागे झोकून दिलं, म्हणून आमचं घर पुढे चाललं. पानवाला गेला. त्या एका दिवसात रंगूनमध्ये हजाराहून अधिक माणसं मेली, बहुतेक रस्त्यात उभी असलेली. पुढे मी या काळाची पुस्तकं वाचली, तेव्हा लोक बघायला बाहेर आले होते हे वाक्य जवळपास प्रत्येकात भेटलं.

त्या सकाळी पगारी वैमानिक आणि ब्रिटिश बफेलो विमानं वर होती. इशारा उशिरा मिळाला, पुरेशी उंची गाठता आली नाही, तरी ते भिडले. पथकातले दोन वैमानिक त्या दिवशी पडले. लढाईत मेलेले ते पहिले. नाताळच्या दिवशी जपानी पुन्हा आले आणि या खेपेला त्यांना जबर मार बसला. त्यानंतर जानेवारी-फेब्रुवारी असं दोन महिने हे थोडके लोक रंगूनचं आकाश धरून बसले. सुटे भाग जवळपास नव्हतेच. एका मोडक्या विमानाचं चाक, दुसऱ्याचं रेडिएटर, तिसऱ्याची बंदूक काढून चौथं उडवायचं, हे मेकॅनिकांचं रात्रीचं काम. सकाळी उडायला जेवढी निघतील तेवढीच त्या दिवसाची फौज.

आजीच्या गोष्टीत ही विमानं शत्रूला पटापट पाडत. पथकाच्या नावावर अधिकृतपणे २९७ विमानं मांडली गेली आणि बक्षिसाची रक्कमही त्याच हिशेबानं दिली गेली. पुढे अभ्यासकांनी जपानी नोंदी ताडून पाहिल्या तेव्हा आकडा ११५च्या आसपास निघाला. धावपळीच्या हवाई लढाईत एकच पडलेलं विमान दोघांना आपलं वाटतं. त्या युद्धात सगळ्याच हवाई दलांचं असं झालं. मला ११५ हा आकडाही मोठा वाटतो. कधी डझनभर, कधी त्याहूनही कमी विमानांनिशी उडणाऱ्यांनी तो गाठला आहे. आजीला तो सांगण्याची वेळ आली नाही आणि आली असती तरी तिनं आपलं मत बदललं नसतं. तिला मोजदाद नको होती. तिला वर कोणीतरी आहे हे पुरलं होतं.

टौंगूच्या त्याच तळावर १९४२च्या फेब्रुवारीत आपलं हवाई दलही आलं, हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे. पहिलं स्क्वाड्रन, प्रमुख स्क्वाड्रन लीडर के. के. मजुमदार. त्यांच्याकडची लायसँडर विमानं टेहळणीसाठी केलेली, संथ. त्यांनाच बॉम्ब अडकवून मजुमदारांनी सयामच्या हद्दीतल्या माई हाँग सोनच्या जपानी तळावर हल्ला केला. पहिल्या खेपेस ते एकटेच गेले. या कामगिरीबद्दल त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. पगार, विमान, साधनं यांत त्यांच्यात आणि अमेरिकी पथकात जमीन-अस्मानाचं अंतर होतं. धाडसात अजिबात नव्हतं.

आजी काकांना घेऊन जानेवारीत आगबोटीनं कलकत्त्याला सुटली. डेकवर बसायला जागा मिळाली हे नशीब. धक्क्यावर मागे राहिलेल्यांचा आकांत तिनं फार क्वचित सांगितला. अण्णा कामावर राहिले. बॉम्बगोळ्यांत हमाल शहर सोडून गेल्यावर गोदी जवळपास ठप्प झाली. चीनसाठी आलेले ट्रक, टायर, दारूगोळा धक्क्यावर साचला आणि फेब्रुवारीच्या अखेरीस शत्रूच्या हाती लागू नये म्हणून शेकडो ट्रक जाळले गेले. अण्णांनी आपल्या वहीत उतरवून घेतलेला माल आपल्या डोळ्यांसमोर पेटताना पाहिला. त्याच दिवसांत अमेरिकी पथकाचे लोक ट्रक घेऊन धक्क्यावर आले आणि उचलता येईल ते भरून उत्तरेकडे निघाले. एकाच्या चामडी जाकिटाच्या पाठीवर शिवलेलं कापड अण्णांनी जवळून पाहिलं. वर चिनी झेंडा, खाली चिनी अक्षरांच्या ओळी. हा परदेशी माणूस चीनच्या मदतीला लढायला आला आहे, सैनिकांनी आणि प्रजेनं त्याचा जीव वाचवावा, असा त्याचा मजकूर. वैमानिक कुठल्याही खेड्यात पडला तर त्याचा सगळा भरवसा त्या वीतभर कापडावर आणि वाचणाऱ्या शेतकऱ्यावर.

८ मार्च १९४२ला रंगून पडलं. अण्णा त्याआधी प्रोमपर्यंत रेल्वेनं आणि तिथून इरावती ओलांडून तौंगुपच्या घाटानं चालत आराकानच्या किनाऱ्याला आले. प्रोमला पटकी होती. बरोबरचा बंदरातला सोबती तिथेच गेला. मणिपूरच्या वाटेनं आणि पुढे पावसाळ्यात हुकाँगच्या दरीतून चाललेल्यांचे हाल याहून भयंकर झाले. पाच लाखांच्या आसपास हिंदी माणसं त्या वर्षी ब्रह्मदेशातून निघाली. वाटेत मेलेल्यांची धड गणतीही कोणी केली नाही, पण ती हजारोंनी होती. सरकारची सोय आधी गोऱ्यांसाठी आणि नंतर उरलीच तर इतरांसाठी. चांगल्या वाटेवर कोणाला सोडायचं हेही कातडीवरून ठरे.

पथक मागे हटत मागवे, लोइविंग, पाओशान असं चीनमध्ये गेलं. एप्रिलमध्ये त्यांच्यातही कुरबूर झाली. संथ बॉम्बफेक्यांच्या सोबतीला जा, सैनिकांना धीर यावा म्हणून खालून उडा, असली कामं आपल्या करारातली नाहीत, म्हणून दोन डझनांहून अधिक वैमानिकांनी राजीनाम्यावर सह्या केल्या. शेनॉल्टनं बजावलं की युद्धात असं निघून जाणं म्हणजे पळून जाणं. बहुतेक सगळे थांबले. या प्रसंगानं त्यांना कमी लेखणारे लोक आहेत. मला तो प्रसंग त्यांच्या बाजूचा वाटतो: जायची वाट दिसत असताना ते राहिले.

आणि मग मे महिना आला. जपानी सैन्य बर्मा रोडनं सालवीन नदीच्या घळीपर्यंत पोहोचलं. पुढे कुनमिंगपर्यंत त्यांना अडवणारं फारसं काही नव्हतं. ५ मेला चिनी सुरुंगवाल्यांनी हुइतुंगचा झुलता पूल उडवला. जपानी रणगाडे, ट्रक, पूल बांधायचं सामान पश्चिमेच्या कड्यावर वळणावळणाच्या रस्त्यात अडकून पडलं. त्याच कड्यावर पळून आलेले चिनी निर्वासितही होते. बॉम्ब टाकले तर ते मरणार, न टाकले तर कुनमिंग जाणार. शेनॉल्टनं वरून परवानगी मागितली आणि ती मिळाली. ७ मेपासून पथकातल्या टेक्स हिलच्या नेतृत्वाखाली पी-४० विमानं घळीत शिरली आणि सूर मारत त्यांनी रस्त्याची वरची वळणं फोडली, खाली अडकलेल्या रांगेवर मारा केला. पूर्वेच्या काठावर चिनी फौज टिकून राहिली. जपानी सैन्य त्या नदीपलीकडे कुनमिंगकडे कधीच सरकलं नाही.

करार संपला आणि ४ जुलै १९४२ला पथक बरखास्त झालं. अमेरिकी लष्करात रुजू व्हा म्हणून दमदाटीच्या सुरात सांगणारा अधिकारी आला. कायमचे थांबले ते फक्त पाच वैमानिक आणि काही मेकॅनिक. बरेचजण नंतर आपापल्या मूळ दलांत किंवा हिमालयावरून चीनला माल नेणाऱ्या विमानांवर गेले. त्यांच्या सरकारनं त्यांना सैनिक म्हणून मान्य करायला १९९१ साल उजाडलं.

त्याच चीनमध्ये, उत्तरेला, आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठव्या रूट आर्मीच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत होते. ९ डिसेंबर १९४२ला ते तिथेच वारले. ते स्वेच्छेनं गेले, हे पैसे घेऊन आले. कोटणीसांचा त्याग मोठा, यात शंका नाही. पण पैसे घेणाऱ्याला आपण जितक्या सहज खालच्या पायरीवर बसवतो, तितकं सोपं ते नाही. ज्यांचं कर्तव्यच होतं ते ब्रह्मदेशचं सरकार आपल्या हिंदी प्रजेला बाहेर काढायची धड योजनाही करू शकलं नाही. आणि ज्यांचा त्या भूमीशी एका वर्षाच्या कराराखेरीज संबंध नव्हता, ते माझ्या आजीच्या डोक्यावर उडत राहिले. पगार किती होता, यावरून राखणदाराची परीक्षा करू नये; संकट दारात आलं तेव्हा तो जागेवर होता की नव्हता, एवढंच विचारावं. शेनॉल्टचे लोक जागेवर होते.